चर्चा: सिग्नलला थांबल्यावर आपण काय ओढतोय?

राजारामपुरीकर: 'कोल्हापूरची हवा झकास' म्हणणाऱ्यांसाठी: २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, मानकात न बसणाऱ्या शहरांत आपलंही नाव आहे. आणि तिथले आकडे सरासरीचे. दाभोळकर कॉर्नरला दुचाकीवाला बसच्या सायलेन्सरपासून चार हातांवर उभा असतो, त्याच्या नाकापाशी कोण मोजतंय? धुरातले अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून शे-दोनशे मीटरवर बरेच विरळ होतात. त्यामुळं स्टेशन रोड टाळा, आतल्या गल्लीनं जा. पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ दे.

नाद_खुळा: भावा, ही दिल्ली न्हवं. इथं खरा त्रास खड्ड्यातल्या धुळीचा. बीएस-६, म्हंजे धुराच्या नव्या कडक नियमातल्या गाड्या २०२० पासनं आल्यात, धूर कमीच हुणार की.

राजारामपुरीकर: नव्या आल्या, जुन्या कुठं गेल्या? हंगामात उसाचे ट्रॅक्टर बघा. जाड धूळ बरीचशी नाका-घशात अडते, पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, खोल फुफ्फुसात उतरतं. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच कर्करोगकारक ठरवलंय.

चारचाकीवाला: काचा बंद, एसी आतली हवा फिरवण्यावर. विषय संपला.

शाहूपुरीची_सून: तुमचा संपला हो, धूर आमच्यासाठी बाहेर ठेवून! आणि राजारामपुरीकर, 'आतली गल्ली' म्हणजे आमचं दार. सकाळी शाळेच्या वेळेला तिथनं इतक्या गाड्या घुसतात की पोरं रस्त्यावर सोडायची सोय नाही. मुख्य रस्त्यावरचा माणूस दहा मिनिटांत पुढं जातो, आम्ही दिवसभर तिथंच. स्कार्फनं धूळ अडते, हे बारीक कण नाही. मग घरात बसून एन-९५ लावायचा का?

राजारामपुरीकर: सायकलनं, चालत जाणाऱ्यांसाठी म्हणत होतो. दम लागला की श्वास वाढतो, धूरही जास्त जातो.

शाहूपुरीची_सून: वर तर 'दुचाकीवाला' लिहिलंय. वाचा.

नाद_खुळा: 😂 वैनी बरोबर हाय.

केएमटीचा_पासधारक: सिग्नलला इंजिन बंद करा एवढं तरी सगळ्यांना जमेल?

नाद_खुळा: माझी बंद केली तर मागनं ढकलायला तू येणार का?

शाहूपुरीची_सून: मी येते. पण गल्लीत नाही, स्टेशन रोडलाच.