मदत हवी आहे: बेसबॉलमधल्या डॉजर्स संघाच्या २६ जणांत शेवटची जागा कोणाला?

मंडळी, नव्या हंगामाचं गणित बेंचवर अडतंय. पिचर (चेंडू फेकणारे) जास्तीत जास्त १३. ओहतानी ‘टू-वे’ (पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा) म्हणून त्यात धरला जात नाही, त्यामुळे त्याच्यासकट सहा स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) ठेवूनही बुलपेनला, म्हणजे नंतर येणाऱ्या पिचरसाठी, आठ जागा उरतात. तिथे चैनच आहे! पण त्याला वगळून बॅटर १२. आठ मैदानात, एक राखीव कॅचर, उरल्या तीन जागा.

तिसरीवर ऑप्शन (थेट खालच्या लीगमध्ये धाडायची मुभा) संपलेला अनुभवी की ऑप्शन शिल्लक असलेला पोरगा? पहिल्याला खाली धाडायचं तर वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे दुसरा संघ त्याला उचलू शकतो. पोरगा खाली गेला तर कोणी जखमी झाल्याशिवाय १० दिवस परत येत नाही, पण रोज बॅटिंग तरी मिळते. वर बसून हात गंजतो.

माझा कल अनुभवी खेळाडूकडे. मात्र तो शॉर्टस्टॉप आणि सेंटर फिल्ड या मैदानातल्या दोन्ही जागा सांभाळत नसेल, तर तुम्ही काय कराल?