विषय: कोजागिरी रविवारी २५ ऑक्टोबरला – किचन आणि कांदा-लसूण

सचिव:
मंडळी, शनिवार २४ चा हॉल मिळत नाही, हे आता नक्की. रविवारी तो बंगाली समितीकडे आहे. संध्याकाळी त्यांची लक्ष्मीपूजा, ती आटोपली की साडेसातपासून तुम्ही तुमची कोजागिरी करा, भाडं निम्मं-निम्मं, असं ते म्हणतात. अट एकच: त्या दिवशी किचनमध्ये कांदा, लसूण, अंडं आणायचं नाही. आपण भेळ आणि बटाटेवडे आधीच जाहीर केलेत. त्यांना गुरुवारी उत्तर द्यायचंय. लवकर कळवा.

खाद्य समितीतून:
मेन्यू बदलायचा तर आधी समितीला फोन करायचा, हे गणपतीतल्या फ्रायरच्या प्रकरणानंतर ठरलं होतं ना? कांद्याशिवाय भेळ कोण खाणार? वडे घरून तळून आणले तर? किचनमध्ये नेणारच नाही, थेट टेबलावर मांडू. आणि दूध आटवायला मला दोन शेगड्या किमान दीड तास लागतात, त्या तडजोडीत जाता कामा नयेत.

नाना:
किचनचं तुम्ही बघा, पण आधी तारीख बघा. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, म्हणजे यंदा ८ नोव्हेंबरला. ही मंडळी पौर्णिमेला कसलं करतायत? शिवाय त्यांच्या दुकानातून आणलेलं कॅलेंडर आमच्या फ्रिजवर आहे, त्यात त्या रविवारी कार्तिक छापलाय. कार्तिकात कोजागिरी कशी? माझा पौर्णिमेचा उपास असतो, म्हणून विचारतो.

बरिशालची सून:
नाना, तारीख बरोबर आहे. कॅलेंडरही बरोबर आहे. बंगाली महिने सूर्याचे. संक्रांत झाली की महिना पालटतो, म्हणून त्यांचा पयला बैशाख दरवर्षी १४-१५ एप्रिललाच येतो. सण मात्र बहुतेक तिथीनेच, आपल्यासारखे. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे सगळ्या तिथी उशिरा आल्यात, तेव्हा आश्विन पौर्णिमा त्यांच्या सौर कार्तिकात पडली, इतकंच. २०२० साली अधिक आश्विन होता तेव्हा महालया, म्हणजे आपली सर्वपित्री अमावास्या, १७ सप्टेंबरला झाली आणि दुर्गापूजेची षष्ठी थेट २२ ऑक्टोबरला. एरवी मध्ये आठवडा जेमतेम असतो. सासूबाई तेव्हा रोज फोनवर मलमासाबद्दल बोलायच्या.

आता लक्ष्मीचं. बंगालमध्ये दिवाळीच्या अमावास्येची रात्र कालीची. लक्ष्मीची मोठी पूजा कोजागरीला. पश्चिम बंगालमधली मूळची काही घराणी कालीपूजेच्या संध्याकाळीही लक्ष्मी पूजतात, आधी अलक्ष्मीला घराबाहेर काढतात आणि मग पूजा. पण आमच्यासारखी पूर्व बंगालची घरं कोजागरीवाली. इथल्या समितीत आमच्याकडचीच मंडळी जास्त, म्हणून त्यांना ही तिथी सोडवत नाही.

आणि ही नुसती दूध पिऊन गप्पा मारायची रात्र नाही हो. घरातली बाई सकाळपासून उपाशी असते. तांदळाच्या पिठाची आल्पना म्हणजे रांगोळी, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत लक्ष्मीची पावलं, भाताच्या लोंब्या, लक्ष्मीचं चित्र काढलेली मातीची थाळी म्हणजे शरा, खोबऱ्याचे आणि तिळाचे नाडू म्हणजे लाडू, लाह्या, मुरमुऱ्यांचे लाडू. पांचाली, म्हणजे लक्ष्मीची पद्य पोथी, वाचतात, ती तर दर गुरुवारी वाचतात. आपल्या मार्गशीर्षातल्या गुरुवारांची पोथी वाचणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पूजा झाली की भोगाची खिचुडी, लाबडा म्हणजे मिश्र भाजी, पायेश म्हणजे खीर. आमच्याकडे सासूबाई त्या रात्री भाताला शिवत नाहीत, लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या खातात. त्या भोगाच्या किचनमध्ये कांदा-लसूण नको म्हणणं ही अट नाही, सोवळं आहे. वडे टेबलावर ठेवले तरी वास तिथेच येणार. ताई, मनापासून विनंती आहे, या एका रात्री नको.

अजून एक. लक्ष्मीपूजेत घंटा वाजवत नाहीत, फक्त शंख आणि उलूध्वनी, म्हणजे बायका जीभ हलवून काढतात तो मंगल आवाज. आपली लेझीमची प्रॅक्टिस त्या वेळी मागच्या खोलीत नको.

अप्पा:
वहिनींनी पंजिकेचा, म्हणजे बंगाली पंचांगाचा, विषय काढलाच नाही. बंगाल्यांमध्ये दोन तट आहेत. गुप्त प्रेस पंजिका १८६९ पासूनची, ती सूर्यसिद्धान्ताच्या जुन्या गणितावर. विशुद्ध सिद्धान्त पंजिका १८९० पासूनची, प्रत्यक्ष वेधांशी जुळणारी, बेलूर मठ हीच मानतो. दोन्हींत तिथी काही तासांनी मागेपुढे होते, आणि दुर्गापूजेतली अष्टमी-नवमीच्या सांध्यावरची संधिपूजा तर अठ्ठेचाळीस मिनिटांची, तिथे तासांचा फरक म्हणजे केवढा! आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? टिळक पंचांगाचा अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ ठरवणारा अंश, सुमारे चार अंशांनी निराळा, त्यामुळे कधी कधी अधिक महिनाच बदलतो आणि रत्नागिरीकडे काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. आमच्या आजोळी टिळक, घरी दाते. समितीचे पुरोहित कोणती पंजिका धरतात ते विचारून घ्या.

नाना:
अप्पा, दाते पंचांगावर मंडळ चालतं आणि चालेल. टिळक पंचांगाचा वाद इथे नको, तो २०१२ च्या गणपतीत पुरेसा झालाय. मला फक्त सांगा, पौर्णिमा इथल्या, ब्रिटनच्या वेळेने कधी? भारतातल्या वेळा घेऊन बसू नका.

अप्पा:
वाद मी काढत नाही, माहिती दिली. इथल्या वेळेने रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास लागते, सोमवारी पहाटे चार वाजून गेल्यावर संपते. म्हणजे शनिवारची रात्र चतुर्दशीची. हॉल मिळाला असता तरी आपण चतुर्दशीला दूध प्यायलो असतो. नेहमीसारखंच, वीकएंडच्या सोयीने. यंदा तिथी, रविवार आणि हॉल तिन्ही जुळतायत. त्या रात्री घड्याळंही तासभर मागे गेलेली असतील, पाचच्या आत अंधार पडेल आणि चंद्र वर आलेला असेल. ढग नसावेत.

बालविभाग:
सोमवारपासून बहुतेक शाळांना हाफ टर्म आहे, त्यामुळे रविवारी उशीर झाला तरी मुलांचं अडत नाही. एकच विचारायचं होतं. आश्विनी असते, थोरल्या अपत्याला ओवाळायचं असतं, ते हॉलवर सामुदायिक करायचं का? माझी आई दरवर्षी विचारते, ओवाळलंस का म्हणून. बंगाली मुलांनाही बसवता येईल.

खाद्य समितीतून:
बसवा. ताटं मी आणते, निरांजनं पाच-सहाच पेटवा, अलार्म वरच्या कोपऱ्यात आहे.

वहिनी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आईशीही बोलले, पालघरला. ती म्हणाली, वडे कशाला हवेत, कोजागिरीला लक्ष्मीला नारळ आणि पोहे दाखवायचे असतात, तिच्या आजीच्या घरी तसंच होतं. तेव्हा भेळ-वडे दोन्ही रद्द. दडपे पोहे करू. पातळ पोहे, ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, वरून नारळाचं पाणी शिंपडून दडपून ठेवायचे, कांदा अजिबात नाही. फोडणी घरून करून आणते, म्हणजे शेगडी लागत नाही. शेगड्या दुधालाच. उपासाच्या लोकांना साबुदाण्याची खिचडी, सैंधव घालून. नाना, भोगाची खिचुडी घेऊ नका, ती तांदूळ आणि भाजलेल्या मुगाची असते.

बंगाली बायकांना साबुदाणा चालेल ना?

बरिशालची सून:
चालतो, त्या भिजवलेला साबू केळं-खोबरं-दूध घालून खातात. मीठ-मिरचीचा काहींना नवा वाटेल, पण सैंधव त्यांनाही चालतं. पोह्यांचं ऐकून फार बरं वाटलं, ताई. त्यांच्याकडेही त्या रात्री नारळ आणि चिडे म्हणजे पोहे असतातच. पोहे थोडे आधी आणता आले तर नैवेद्यालाच ठेवायला सांगते. जोडी-इलिशबद्दल कोणी विचारलंच तर, काही घरांत लक्ष्मीपूजेला इलिश माशाची जोडी आणतात हे खरं आहे, पण तो घरचा कुळाचार. हॉलवर निरामिष म्हणजे शाकाहारीच असतं, काळजी नको.

शेगड्यांचं बोलले. भोग चार वाजेपर्यंत उतरतो, त्यानंतर चारही तुमच्या. शनिवारी सकाळी आमच्याकडे नाडूंसाठी नारळ खवायला माणसं हवीत. खवणी असेल तर घेऊन या, इथे कोणाकडे धड खवणी नाही.

नाना:
खवणी आमच्याकडे आहे, सावंतवाडीहून आणलेली. मी येतो. पंजिका कोणती ते पुरोहितांना मीच विचारीन.

सचिव:
समितीला होकार कळवला. साडेसातच्या आधी कोणीही ढोल, लेझीम, माइक काढू नये. ज्यांना पूजेला बसायचंय त्यांनी साडेपाचपर्यंत यावं, चपला बाहेरच्या रॅकवर. हॉलच्या चाव्या कोणाकडे आहेत? गणपतीनंतर माझ्याकडे परत आलेल्या नाहीत.