राइनबेकच्या लोकर जत्रेला एका दिवसात जाऊन यायचंय, न विणणारी मैत्रीण सोबत आहे, सल्ला हवाय

सुलट_उलट
मंडळी, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या वीकेंडला राइनबेकला न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वूल फेस्टिव्हल असतो, यंदा जायचंच असं ठरवलंय. सोबत मैत्रीण येतेय, ती अजिबात विणत नाही, पण लाँग ड्राइव्ह आणि झाडांचे रंग म्हटल्यावर लगेच तयार झाली. मुक्काम नाही, सकाळी निघून रात्री घरी. शनिवार बरा की रविवार? लोकर दोन गोष्टींसाठी हवीये, नणंदेचं बाळ नोव्हेंबरअखेर येतंय त्याच्यासाठी ब्लँकेट, आणि माझ्यासाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर. आत्तापर्यंत सगळं अ‍ॅक्रिलिकमध्येच विणलंय, हाताने रंगवलेली खरी लोकर कधी घेतलेली नाही. आणि मैत्रिणीचा दिवस नुसता माझ्या पिशव्या धरण्यात जाऊ नये असं फार वाटतंय.

दोन_सुया
रविवारी जा गं. एखाद्या ठरावीक डायरचा, म्हणजे लोकर रंगवणाऱ्याचा, ठरावीक रंगच हवा असेल तरच शनिवार, कारण शनिवारी गेट उघडायच्या आधीपासून रांग असते आणि नावाजलेल्या स्टॉलवर दुपारपर्यंत चांगले रंग संपलेले असतात. पण तू पहिल्यांदाच जातेयस, तुला लोकर हातात घेऊन बघायचीये, विचारायचंय, त्याला रविवारच बरा, स्टॉलवाल्यांनाही बोलायला वेळ असतो. तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेव. सकाळी चांगलीच थंडी असते आणि दुपारी ऊन लागतं त्यामुळे एकावर एक कपडे घाल, आणि तू विणलेलं जे काही असेल ते अंगावर असू दे, मग ते अ‍ॅक्रिलिकचं का असेना. तिथे लोक खास या जत्रेसाठी स्वेटर विणून घालून येतात आणि अनोळखी बायका थांबवून पॅटर्न विचारतात, मला तर जत्रेतलं हेच सगळ्यात आवडतं.

पार्सिपनीकर
रस्त्याचं मी सांगतो. गार्डन स्टेट पार्कवेने वर जाऊन न्यूयॉर्क थ्रूवे म्हणजे हायवे ८७ धरा, किंग्स्टनला एक्झिट १९, मग किंग्स्टन-राइनक्लिफ पुलावरून हडसन ओलांडली की राइनबेक जवळच. पुलाचा टोल पूर्वेकडे जातानाच लागतो, येताना नाही. एडिसनहून दोन-सव्वादोन तास धरा, जत्रेच्या तोंडाशी ट्रॅफिक तुंबतं ते वेगळं. येताना उजेड असेल तर टॅकॉनिक पार्कवेने या, थोडं लांब पडेल पण झाडं बघायचीच असतील तर तोच रस्ता. पेन स्टेशनहून अ‍ॅमट्रॅक राइनक्लिफला जाते, हडसनच्या काठाकाठाने, प्रवास सुंदर आहे पण स्टेशनपासून पुढे गाडी मिळायची खात्री नाही आणि येताना हातात लोकरीच्या पिशव्या, तेव्हा गाडीच न्या.

टकळी
आता लोकरीचं. बाळाच्या ब्लँकेटला सुपरवॉश मेरिनो घे, म्हणजे मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली मेरिनो मेंढीची मऊ लोकर. साधी लोकर चुकून मशीनमध्ये गेली की आटून नमदा होते, आणि बाळाच्या घरात कपडे हाताने धुवायला कोणाला वेळ असतो! मात्र सुपरवॉश धुतल्यावर सैल पडते, म्हणून आधी छोटा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच माप घे. आणि तुझ्याकडे जेमतेम पाच-सहा आठवडे आहेत त्यामुळे बारीक लोकरीच्या नादी लागू नकोस, वर्स्टेड म्हणजे मध्यम जाडीची घे आणि ब्लँकेट तीस इंची चौरस पुरे, कारसीटमध्ये तेवढंच बरं पडतं.

स्वेटरला डीके जाडी (वर्स्टेडपेक्षा थोडी बारीक) घेतलीस तर ३८-४० छातीला साधारण १,२०० यार्ड लागतात, म्हणजे शंभर ग्रॅमच्या पाच-सहा लड्या (सैल गुंडाळून बांधलेली लोकर), आणि एक जास्तीची घेच. हाताने रंगवलेल्या लड्या एकाच भांड्यातल्या असल्या तरी रंगाला थोडा फरक असतो. सगळ्या शेजारी शेजारी ठेवून बाहेर उजेडात बघ, आणि विणताना दोन-दोन ओळींनी लडी बदलत राहा, नाहीतर पोटावर पट्टा दिसतो. मऊपणा तळहाताला कळत नाही, गळ्याला लावून मिनिटभर थांब. आणि उन्हाळ्यात आंबे उचलतो तशी दिसेल ती लोकर उचलू नकोस, आधी पॅटर्न फोनवर घेऊन जा, यार्ड मोज, मग पैसे काढ.

आंबेमोहर
टकळीताई, सुपरवॉशबद्दल थोडं वेगळं म्हणते. त्या प्रक्रियेत लोकरीवरचे खवले काढतात किंवा त्यांच्यावर पातळ थर देतात, त्यामुळे लोकरीचा मूळ उबदार, भरीव स्पर्श बराच जातो. बाळासाठी ठीक आहे, पण स्वतःच्या स्वेटरला तरी नको. तिथे छोट्या फार्मवाल्यांचे स्टॉल असतात, कॉरिडेल किंवा रॉमनी जातीच्या मेंढ्यांची लोकर बघ, मेरिनोइतकी मऊ नसते पण गोळे कमी येतात आणि स्वेटर वर्षानुवर्षं टिकतो. आत शर्ट घातला की टोचत नाही.

माणदेशी
मैत्रिणीला आधी स्टॉलवर नेऊच नका, सरळ मेंढ्यांच्या बार्नमध्ये न्या. माझी बायको विणते, मी नाही, तरी दरवर्षी मी हौसेने जातो. मेंढपाळ कुत्र्यांची प्रात्यक्षिकं असतात, लामांची उंच उडी असते, अंगोरा ससे मांडीवर घेऊन बसलेल्या बाया तिथल्या तिथे सूत काढत असतात. ज्या शेळीच्या केसांची मोहेर लोकर होते तीही अंगोराच, हे मला तिथेच कळलं.

मग फ्लीस सेलला जा, कातरलेली अख्खी लोकर तिथे विकायला असते. वरून टोकं उन्हाने करपून तपकिरी, बोटांनी फाकवली की आत सायीच्या रंगाची, आणि हाताला लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतल्या मेणासारख्या चरबीचा, चिकटपणा राहतो. जाणकार माणूस एक बट काढून दोन्ही टोकं धरतो, कानाजवळ नेऊन झटका देतो. टण् असा स्वच्छ आवाज आला तर लोकर बळकट, चर्र झालं तर तंतू मधेच कमजोर, म्हणजे मेंढी त्या काळात आजारी होती किंवा उपाशी. आमच्याकडे माणदेशात दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, त्याची घोंगडी होतात, आणि कातरणीचा खर्चही सुटत नाही म्हणून धनगर ती टाकून देतात. इथे एकेका मेंढीच्या नावाची चिठ्ठी लावून लोकर विकतात. आपल्याकडच्या लोकरीलाही असे गिऱ्हाईक मिळायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

सुलट_उलट
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! रविवार पक्का, बाळाला सुपरवॉश, मला कॉरिडेल. सकाळी बार्न एकत्र, मग दोन तास मी स्टॉलवर आणि ती राइनबेक गावात कॉफी प्यायला आणि दुकानं बघायला, ती म्हणतेय चालेल. आता दोन प्रश्न. खायला शाकाहारी काय मिळतं? आणि लडी घरी आणल्यावर गुंडा कसा करायचा, माझ्याकडे यंत्र नाहीये.

दोन_सुया
तळलेले आर्टिचोक खाच, रांग लांब असते पण सरकते, आणि सफरचंदाच्या सायडरचे डोनट. बाकी धपाटे आणि चटणी गाडीत असू दे. रोख पैसेही ठेव, गर्दीत नेटवर्क रेंगाळलं की कार्ड मशीन अडकतात.

टकळी
यंत्र नको. लडी खुर्चीच्या पाठीवर चढव, तिला तीन-चार ठिकाणी बांधलेले दोरे असतात ते लडी खुर्चीवर नीट बसल्यावरच काप, त्याआधी कापलेस तर गुंता होतो. आणि गुंडा घट्ट गुंडाळू नकोस, लोकर ताणली जाते. आणलेल्या सगळ्या लड्यांचे गुंडे एकदम करायची गरज नाही, विणायला घ्यायच्या आदल्या रात्री एक-एक कर.