उरलेली भाकरी, रिकामी पिशवी: तुमच्या घरची रीत लिहा

माळ्यावरची_उतरंड
माळा आवरताना भाकरी गुंडाळायचं जुनं धडपं सापडलं आणि कडक भाकरीची चळत आठवली. आपल्या सोलापुरात भाकरी टाकायची वेळच येत नसे, ती वाळवायची रीत होती.

पातळ थापायची, नेहमीसारखी भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत ओल जाईपर्यंत शेकायची. नंतर उभी ठेवून पूर्ण गार करायची. मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे, वाकली तर परत तव्यावर. बिघडतं ते इथेच: कोमट असतानाच डब्यात भरली की झाकणाला घाम येतो आणि बुरशी धरते. उरलेली जाड भाकरी असेल तर चार तुकडे करून शेका, पापुद्र्याच्या आतली ओल सहज निघत नाही.

अन्न आणि पिशव्या-पुडे वाचवायच्या तुमच्याकडच्या रीती लिहा.

मालदांडी
त्याआधी पीठ वाचवा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पीठ धरून राहायचा गुण, जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. विरी गेलीच तर फेकू नका, उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्यानं तो येतो.

येसरवाली
कडक भाकरी चुरून येसरच्या (भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्याच्या पिठाच्या) आमटीत. वर कच्चं तेल. बास.

पेठेतली_सून
ताई, धडपं धुऊन वापरा हो, टाकू नका 🙏
भाताचं कुणी लिहिलं नाही. मे महिन्यात शिजलेला भात तासाभराच्या वर ओट्यावर ठेवायचा नाही. परातीत पसरून गार करायचा आणि फ्रीजमध्ये. भातातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांचं विष परत गरम केल्यानंही जात नाही. त्यामुळे वास आला नाही म्हणून फोडणी घालू नका.

चादर_कारखाना
कापडासारख्या दिसणाऱ्या त्या रंगीत पिशव्या कापडाच्या नसतात बरं का, पॉलिप्रॉपिलीन असतं. आपल्या उन्हात वाळत घातल्या की भुगा होतो आणि तो मातीत जातो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर त्या घरोघरी साठल्यात.
विरलेल्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवा. बंद फक्त तोंडाला टाचू नका, खाली तळावरून फिरवून घ्या. नाहीतर दहा किलो ज्वारीला उसवतात. शिवण दुहेरी.

येसरवाली
दादा, झालरीचं काय करायचं?

चादर_कारखाना
झालर कापून गाठी मारा, भांडी घासायला चांगली.

किराणा_उधारी_बंद
डबे घेऊन दुकानात जात असाल तर रिकाम्या डब्याचं वजन तळाला पक्क्या शाईनं लिहून ठेवा, दुकानदार कुरकुरत नाही. डबा पूर्ण कोरडा हवा. डाळीला ओल लागली की बुरशी. घाण्याच्या तेलाची बरणी धुतल्यावर दिवसभर उपडी ठेवा. जुनं तेल तळाशी राहिलं तर नवीनही लवकर खवट होतं.
दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो बारका तुकडा कुणी वेचत नाही, गटारीत जातो. पिशवी उलटी करून धुवा, वाळवा, भंगारवाल्याला द्या. वेफर्सची चमकणारी पाकिटं तो घेत नाही, त्यात वेगवेगळे थर चिकटवलेले असतात. ती आणायचीच कमी करा.

कुंडीत_कढीपत्ता
खताचं: भोकं पाडलेला माठ, एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या वाळका पाला, वर मूठभर माती. वास आला म्हणजे ओल जास्त, पाला घाला. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलं, पाणी शिंपडा. आपल्याकडे उन्हाळ्यात कोरडंच जास्त पडतं, माठ सावलीत ठेवा. तेलकट आमटी-भाजी घालू नका.
दोडक्याच्या शिरा मात्र माठात नको, तीळ-मिरची घालून चटणी.

पेठेतली_सून
चटणीवरून आठवलं, शेंगाचटणी मिक्सरमध्ये का गोळा होते? परवा अख्खी वाटी वाया गेली.

मालदांडी
वाया कशी? आमटीत घाला ती. शेंगदाणे गरम असताना फिरवले की तेल सुटतं. पूर्ण गार करा, थांबत थांबत फिरवा, लसूण शेवटी. उखळात कुटली तर उत्तमच.

येसरवाली
काकू, उखळ मिळतं का अजून मंगळवार बाजारात?