९ चे ९३८ कसे झाले? (प्रोटॉनच्या वजनाचा हिशोब)

गुंजभर:
कोल्हापुरात गुजरीत आमची सराफी पेढी आहे. दिवसभर काट्यासमोर बसणं हेच काम. काट्याला काचेची पेटी आहे, तरी वजन घेताना पंखा बंद करतो; नुसत्या वाऱ्यानं मिलिग्रॅमचा आकडा नाचतो. सांगायचं काय, तर वजन जुळलं नाही की मला झोप लागत नाही.

परवा मुलगी वाचता वाचता म्हणाली, अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन क्वार्क नावाच्या तीन बारीक कणांचा असतो, दोन 'अप' जातीचे आणि एक 'डाउन'. वस्तुमान एमईव्ही या ऊर्जेच्या मापात मोजतात म्हणे. अप साधारण २.२, डाउन ४.७, म्हणजे तिन्ही मिळून ९ च्या आसपास. आणि अख्खा प्रोटॉन? ९३८! कारागिराला मी ९ ग्रॅम सोनं दिलं आणि त्यानं ९३८ ग्रॅमचा डाग आणून ठेवला, तर आत काय भरलंय ते आधी कापून बघीन. हे काय गौडबंगाल आहे?

निवृत्त मास्तर:
शेठ, कापून बघायचा प्रयत्न झालाय. गेल-मान आणि झ्वाइग यांनी १९६४ साली क्वार्कची कल्पना मांडली. १९६८ च्या सुमारास स्टॅनफर्डला प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉन मारले, तेव्हा काही इतके जोरात उसळले की आत बारीक कण असल्याशिवाय ते जमलंच नसतं. पण सुटा क्वार्क काही हाती लागत नाही. चुंबक लांब नेला की ओढ कमी होते. क्वार्कना बांधणारं प्रबल बल तसं ढिलं पडत नाही. फार ताणलं, तर त्या ताणातल्या ऊर्जेतूनच नवी क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी तयार होते. पुन्हा आपले जोडलेलेच कण.

आता वजन. एवढ्याशा जागेत कोंडलेले क्वार्क जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावताहेत, आणि त्यांना बांधणाऱ्या ग्लुऑनचं स्वतःचं वस्तुमान शून्य. पण ही धावपळ आणि हे बंधन म्हणजे ऊर्जा, आणि कोंडलेली ऊर्जा काट्यावर वजन म्हणूनच दिसते. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन हा कण सापडला तेव्हा 'सगळ्याला वस्तुमान यानंच दिलं' असं जो तो म्हणत होता. त्याच्या खात्यावर फक्त तुमचे ते ९, आणि इलेक्ट्रॉनचं अर्धं एमईव्ही.

गुंजभर:
मास्तर, लगेच कागद घेऊन बसलो. न्यूट्रॉन धरूनही क्वार्क एक टक्क्याच्या जरा वरच जातात. म्हणजे तोळ्यामागे साधारण एक गुंज! बाकीच्या पंच्याण्णव गुंजा नुसती धावपळ. गिऱ्हाइकाला हे सांगायची सोय नाही.

रेणुका_ठाणे:
दादा, याच्या उलटही होतं बरं का. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन. ते सुटे तोलले तर बेरीज केंद्रकापेक्षा जास्त भरते. एकत्र आले की ०.८ टक्क्यांहून जास्त वजन गायब.

गुंजभर:
घट! ही मात्र ओळखीची. पण ताई, आमची घट दुकानाच्या केरात असते, झारेकरी तो केर विकत घेतात. यांची कुठे जाते?

रेणुका_ठाणे:
झारेकऱ्याला काही मिळणार नाही, ती किरणं आणि उष्णता होऊन निघून जाते. सूर्य याच घटीवर चालतो. तिथे चार हायड्रोजनचा एक हेलियम होताना ०.७ टक्के घट येते. त्यात आधी प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. ते काम दुर्बल बल नावाच्या दुसऱ्या एका मूलभूत बलाचं, आणि ते इतकं संथ की अब्जावधी वर्षं झाली तरी सूर्याचा साठा पुरतोय. सकाळी तुमच्या पायरीवर ऊन येतं ना, ती तिथली घट.

निवृत्त मास्तर:
पायरीवर येतं खरं, पण मी गुजरीत गेलोय. अकरा वाजेपर्यंत तिथे सावलीच असते.