बत्तीस इंची की त्रेचाळीस? (सोसायटी ग्रुपवरून)

१०३ वहिनी: नमस्कार मंडळी. आमचा डबा टीव्ही शेवटी गेला. २१ इंची होता. मेकॅनिक म्हणतो पार्टच मिळत नाहीत. आता एचडी घ्यायचाय, पहिलाच. हॉल दहा बाय अकरा, त्यात सासूबाईंचा दिवाण. बघायचं काय, तर मालिका आणि क्रिकेट. कोणता घेऊ?

४०२: ५५ घ्या वहिनी, फोरके. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

३०१ काका: अरे, ५५ लावल्यावर माणसं कुठे बसवायची, जिन्यात?

४०२: 😂

२०४: वहिनी, शोकेसमध्ये ठेवणार की भिंतीवर?

१०३ वहिनी: शोकेसमध्येच हो. मधला खण ३१ इंच रुंद आहे. म्हणजे ३२ पण बसणार नाही ना?

२०४: बसेल. ३२ इंच म्हणजे पडद्याचा तिरका कर्ण. रुंदी साधारण ७२ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाअठ्ठावीस इंच. ४३ ची रुंदी मात्र ९६ सेंटिमीटरच्या आसपास जाते, त्याला सुतारच बोलवावा लागेल. खणाची उंची आणि खोलीही मोजा. हल्ली दोन पाय दोन टोकांना असतात, फळी आखूड असली तर एक पाय हवेत.

१०३ वहिनी: एचडी रेडी आणि फुल एचडी यात काय घ्यायचं? दुकानदार एकदम फाडफाड बोलत होता.

२०४: एचडी रेडी म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपके, फुल एचडी १९२० बाय १०८०. सहा-सात फुटांवरून ३२ इंचीत फारसं कळत नाही. ४३ घेतलात तर मात्र फुल एचडीच्या खाली जाऊ नका. त्याहून महत्त्वाचं, तुमच्या सेट-टॉप बॉक्समधून लाल-पिवळी-पांढरी वायर निघते का?

१०३ वहिनी: हो, तीच.

२०४: मग आधी बॉक्स बदला. त्या वायरीतून एचडी येतच नाही. एचडी बॉक्स, एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी) आणि पॅकमध्ये एचडी चॅनेल, तिन्ही हवं. महिन्याचे पैसे थोडे वाढतील. नाहीतर जुनंच चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं जातं, सगळे कलाकार गुटगुटीत दिसतात आणि सासूबाई म्हणणार, डब्यातच बरं दिसायचं.

१०५ काकू: अगदी! आमच्याकडे सहा महिने हेच चाललं होतं. शेवटी भाचा आला आणि त्याने वायर बदलली.

३०१ काका: दुकानात जो व्हिडिओ लावतात ना, पोपट, धबधबा, त्याला भुलू नका. तो खास शोरूमसाठी असतो, रंगही भडक करून ठेवलेले. त्यांना सांगा, साधं मराठी चॅनेल लावा, आणि मग बघा. मी तर सांगितलं होतं बातम्या लाव, खालची पट्टी वाचता येते का बघू.

२०४: काका बरोबर. आणि वहिनी, समोर उभं राहून बघू नका. तुमचा दिवाण बाजूच्या भिंतीला आहे ना? तेवढ्याच तिरक्या कोनातून बघा. काही पॅनलमध्ये, म्हणजे पडद्यांमध्ये, बाजूने चेहरे पांढुरके पडतात. आयपीएस प्रकारचं पॅनल असेल तर ही कटकट कमी. काळा रंग त्यात थोडा राखाडी दिसतो, पण तुम्ही अंधार करून थोडेच बघणार.

१०३ वहिनी: सासूबाईंना कमी ऐकू येतं, ते राहिलंच सांगायचं.

१०५ काकू: मग आवाज ऐकून घ्या गं. चपट्या टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे असतात, शोकेसच्या खणात तर आवाज अजून कोंडतो. आमचे हे संवादासाठी वाढवतात, जाहिरात लागली की अख्खा मजला दचकतो.

२०४: एचडीएमआय एआरसी लिहिलेलं असेल, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने बाहेर नेता येत असेल, तर नंतर छोटा साउंडबार (टीव्हीसमोर ठेवायचा लांबट स्पीकर) जोडता येईल. विचारून घ्या.

४०२: आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ च्या वरच्या टीव्हींचाही जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, ३२ पर्यंतच्यांना आधीपासून १८ च. म्हणून म्हणतोय, ४३ तरी बघा.

१०३ वहिनी: अरे पण शोकेस लग्नातली आहे, ती तोडली तर मलाच बाहेर काढतील. ३२ फुल एचडी मिळाला तर बरं, नाहीतर एचडी रेडी. बॉक्सवाल्याला आजच फोन करते.

सेक्रेटरी: जुना टीव्ही डक्टमध्ये किंवा कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवू नये. त्या काचेत शिसं असतं, ई-कचरा घेणाऱ्यालाच द्यावा. आणि कुणी भिंतीवर लावणार असेल तर ड्रिलिंग दुपारी २ ते ४ बंद.

३०१ काका: वहिनी, रविवारच्या मॅचच्या आत येतोय ना टीव्ही? खुर्ची मी घरून आणतो.