मदत हवी आहे: कॅनू ट्रिपला व्हिस्की कशात न्यावी?

नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर आम्ही चौघे टोरांटोहून अल्गॉनक्विन पार्कला चाललोय, तीन रात्री तंबूत. तिथे आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि कॅन न्यायला बंदी आहे, त्यामुळे ७५० मिलीची व्हिस्की घरूनच दुसऱ्या कशात तरी ओतून न्यावी लागणार.

गेल्या वर्षी रम नेली ती प्लास्टिकच्या बाटलीत. तिच्यात एरवी कोकम सरबत असायचं. तीनदा गरम पाण्याने धुतली, तरी पहिल्या घोटाला कोकमच लागलं. नीट बघितलं तर झाकणाच्या आतली रबरी रिंग गुलाबी झालेली, वास तिथेच मुरला होता. मित्राच्या स्टीलच्या चपट्या फ्लास्कचं झाकण तर पोर्टेजच्या वाटेवर (एका तळ्यापासून दुसऱ्यापर्यंत होडी उचलून चालत नेतात ती वाट), कॅनू डोक्यावर असताना ढिलं झालं आणि त्याची स्लीपिंग बॅग भिजली. रात्रभर तंबूत तोच वास.

आता दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. एकपदरी स्टेनलेस स्टीलची एक लिटरची बाटली, किंवा घडी होणारी मऊ प्लास्टिकची पिशवी. पिशवी हलकी, रिकामी झाली की गुंडाळून ठेवता येते. पण ४० टक्के अल्कोहोल तिच्यात तीन दिवस राहिलं तर चव बिघडते का? अ‍ॅल्युमिनियम मला नकोच, आतला लेप कधी खरवडला जाईल सांगता येत नाही.

पाण्यावर असताना कुणी घेत नाही, झाकण उघडणार ते मुक्कामावरच. त्यामुळे झटपट उघडण्यापेक्षा न गळणं महत्त्वाचं. कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर झाकण कसलं होतं तेही कृपया सांगा.